उंदीर, तुंबलेले पाणी आणि उसाच्या फडातला ताप



मुंबईस नरिमन पॉइंटच्या साखर भवनात कामानिमित्त जाऊन आलेले सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. तेथून थोड्याच अंतरावर, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, मच्छीमार नगर ही कोळी बांधवांची वस्ती आहे. तेथला कोळी आणि आपल्याकडचा ऊसतोड कामगार यांचे धंदे वेगळे, पण एक आजार दोघांच्याही पायाशी दबा धरून असतो. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस. लोक नुसते 'लेप्टो' म्हणतात. वेळेत औषध मिळाले तर बहुतेक माणसे साध्या गोळ्यांनी बरी होतात. अंगावर काढला तर जीवावर बेतते. म्हणून ही माहिती देत आहोत.

जनावरांकडून माणसाकडे येणाऱ्या आजारांपैकी हा एक होय. याचा जंतू स्क्रूसारखा पिळदार असतो. तो उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदीर स्वतः ठणठणीत राहतो, मात्र त्याच्या मुतातून जंतू बाहेर पडत राहतात. ओल्या मातीत व साचलेल्या गोड्या पाण्यात ते कित्येक दिवस तग धरतात. अशा पाण्यात माणूस उतरला, की पायाच्या जखमेतून, भेगेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात. जर्मनीतील डॉ. वाइल यांनी १८८६ साली या आजाराचे वर्णन केले आणि १९१५ साली जपानमधील इनाडा व इडो या संशोधकांनी त्याचा जंतू शोधला.

मुंबईला उंदराची दहशत नवी नाही. १८९६ साली तेथे प्लेग आला. १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था हे त्याच कामाचे फळ. पण प्लेगात उंदीर व माणूस यांच्यामध्ये पिसू असते, लेप्टोत पाणी असते. पिसू चावली तर निदान खाज तरी येते, पाणी मात्र काहीच कळू देत नाही.

आता मच्छीमार नगराकडे पाहा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा जंतू फार काळ टिकत नाही, तेव्हा होडीवरच्या कोळ्याला समुद्राची भीती कमी. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला, जाळी विणणे-सांधणे सुरू, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुंबईच्या गल्लीबोळांत पावसाचे पाणी तुंबते. पायाला काटा किंवा गळ लागलेला असला, की त्या पाण्याला दार उघडेच! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर मच्छीमार नगराजवळच्या कुलाब्याला अवघा ७३. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. जंतू शिरल्यावर ताप यायला साधारणतः पाच ते चौदा दिवस लागतात. तोवर पाणी ओसरलेले असते आणि आपण त्यात उतरलो होतो, हेही माणूस विसरून जातो.

आपल्याकडे उसाचा फड म्हणजे उंदरांना हक्काचे घर. खायला गोड, लपायला पाचट आणि पाटाचे पाणी बिळाशी. तोडणी कामगार अनवाणी, पाचटाने हातपाय कापलेले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९३० नंतरच्या दशकात हाच आजार ऊसतोड्यांमध्ये पसरला. उंदीर घालवण्यासाठी ऊस तोडण्यापूर्वी फड जाळावा, अशी मागणी घेऊन कामगारांनी तेथे संपही केले. आम्ही मात्र ऊस जाळा असे म्हणणार नाही. त्यात पाचटाचे खत जाते आणि साखरेचा उताराही घटतो. कामगाराच्या पायात गमबूट घालणे हा उपाय त्याहून स्वस्त आहे.

लक्षणे अशी : एकाएकी जोराचा ताप, डोके ठणकणे, डोळे लाल होणे आणि पोटऱ्या व कंबर इतकी दुखणे की चालवत नाही. पुढे काहींना कावीळ होते, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडते. येथेच घात होतो. कावीळ दिसली की झाडपाल्याचे औषध घ्यायला किंवा कावीळ उतरवायला पळायचे, आणि तेवढ्यात मूत्रपिंडे निकामी व्हायची. डॉक्सिसायक्लीन, पेनिसिलीन ही जुनी औषधे सुरुवातीच्या दिवसांत उत्तम काम करतात. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली द्रव्ये पाहतात. ती तयार व्हायला काही दिवस लागतात. म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत तपासणीत काही आढळले नाही, तरी निर्धास्त राहू नये. डॉक्टर लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात. त्यासाठी त्यांना न विचारताही सांगा : "मी उसाच्या फडात, पाण्यात काम करतो."

एवढे करावे :

१. जखमेवर पट्टी बांधल्याशिवाय चिखलात उतरू नये. काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत.

२. कोपीतले पाणी व धान्य झाकून ठेवावे. पाणी उकळून प्यावे. उष्टे-खरकटे दूर पुरावे.

३. गाई-म्हशी, डुकरे व कुत्री यांनाही हा आजार होतो. गाय गाभडली तर उघड्या हाताने वार उचलू नये, पशुवैद्यास बोलवावे. गोठ्यातले मूत साचू देऊ नये.

४. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना भेटावे, असे आवाहन मुंबई महानगरपालिका करते. तेच आपणही पाळावे. प्रतिबंधक गोळी मनाने घेऊ नये; गरोदर स्त्रिया व लहान मुले यांचे औषध वेगळे असते.

सभासदांनी आपापल्या फडावरच्या टोळीला आणि मुकादमाला हे वाचून दाखवावे. तोडणी करणारे पुष्कळजण लांबच्या गावाहून आलेले असतात. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून ते ताप लपवतात. तापाने फणफणलेल्या माणसाला फडातून दवाखान्यात पोहोचवणे, हे ज्याच्या शेतात तो राबतो त्याचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.