लेकुरवाळीला टेकायला जागा कोठे?

सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. पाणवठा कोणाचा, रस्ता कोणाचा, शाळा कोणाची, असे विचारत विचारतच आपण इथवर आलो आहोत. त्याच रांगेतला एक प्रश्न मात्र अजून कोणी नेटाने लावून धरलेला दिसत नाही. एक लेकरू कडेवर आणि एक बोटाला धरून परंड्याहून किंवा उमरग्याहून धाराशिवला आलेल्या बाईने दिवसभर टेकायचे कोठे?

आपल्या जिल्ह्यात आठ तालुके. जिल्हा रुग्णालय, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जात पडताळणी समिती, जिल्हा न्यायालय हे सारे धाराशिव शहरात. पहाटेच्या एस.टी.ने निघालेली बाई सकाळी पोहोचते, काम अकरानंतर सुरू होते, साहेब जेवायला जातात आणि परतीची गाडी संध्याकाळची. मधले सहा-सात तास तान्ह्या लेकराने काय करायचे? ज्याच्या खिशात पैसा आहे तो लॉजवर खोली घेतो. ज्याचा पाहुणा शहरात आहे तो त्याच्या घरी जाऊन आडवा होतो. मजुरी बुडवून आलेल्या बाईच्या वाट्याला उरते कंपाउंडच्या भिंतीची सावली, नाही तर लिंबाचे झाड. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती सावलीही दुपारी सरकून जाते. मूल झोपेला येते, गर्दीने बिचकते, रडू लागते. आणि लोक म्हणतात, “बाई, पोराला बाहेर घेऊन जा.” बाहेर म्हणजे नेमके कोठे, हे कोणी सांगत नाही.

याला कोणी किरकोळ गैरसोय म्हणेल. म्हणू द्या! कोर्टात काय घडते ते आम्ही वकील रोज पाहतो. पोटगीच्या तारखेला आलेली बाई मूल रडते म्हणून पाजायला जिन्याखाली जाते. तेवढ्यात पुकारा होतो. ‘अर्जदार गैरहजर’ असा शेरा पडतो आणि पुढची तारीख महिना-दीड महिन्यावर जाते. मूल पाजायला चार हात जागा नाही म्हणून आईचा हक्क महिनाभर लांबतो. याला गैरसोय म्हणायचे की अन्याय?

आपला इतिहास काय सांगतो? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्या ठरावाचा विषय निघाला की आपल्याला चवदार तळे आठवते आणि ते योग्यच आहे. पण त्या ठरावात पाणवठ्यांच्या आणि विहिरींच्या शेजारीच धर्मशाळांचाही उल्लेख होता. शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने हेही होते. म्हणजे पाण्याबरोबर विसाव्याचीही जागा अस्पृश्यांना खुली व्हावी, हे शंभर वर्षांपूर्वीच मागितले गेले होते.

ही मागणी का करावी लागली, हे बाबासाहेबांच्या बालपणावरून कळते. १९०१ साली भाऊ आणि भाच्यांसह लहानगे भीमराव वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरले. जात कळल्यावर त्यांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल करून, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर बैलगाडी मिळाली. रात्री नाक्यापाशी थांबले तर प्यायला पाणी मिळाले नाही. डबा सोबत असून ती मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढे ही हकीकत स्वतः लिहून ठेवली. प्रवासातल्या मुलांना पाणी आणि विसावा नाकारणे ही जातिव्यवस्थेची क्रूर खूण होती. म्हणूनच घटनेच्या १५ व्या कलमाचा दुसरा पोटभाग विहिरी, तलाव, रस्ते आणि सरकारी खर्चाने चालणारी सार्वजनिक जागा यांवर कोणत्याही नागरिकाला जात, धर्म, लिंग यांच्या आधारावर आडकाठी करता येणार नाही, असे बजावतो.

पण दार उघडे असून आत बसायची सोय नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

एस.टी.च्या अनेक स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी दिसते. नाव चांगले आहे. कथेतली हिरकणी रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेली. तिच्या धाडसाचे कौतुक आपण करतो, पण ती कडा का उतरली? संध्याकाळ झाली आणि गडाचा दरवाजा बंद झाला म्हणून! आज कक्षाला कुलूप असेल, किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला ठाऊक नसेल आणि आत खोकी रचलेली असतील, तर आपण बाईला पुन्हा कडाच उतरायला लावतो आहोत.

कायदा मात्र आपल्या बाजूने पुढे सरकला आहे. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहे असली पाहिजेत, असा आदेश दिला. १९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी आणि बालसंगोपनासाठी जागा असण्याचा मुद्दा उचलून धरला. आईने बाळाला पाजणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हेही स्पष्ट केले.

याखेरीज आपल्या भगिनींना दोन गोष्टी माहीत असायलाच हव्यात. पहिली, पोलिसांना साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब घ्यायचा असेल तर तिला ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या राहत्या ठिकाणी जाऊन तो घ्यावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १६० वे कलम हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेचे १७९ वे कलमही तेच सांगते. लेकरू घेऊन ठाण्याच्या बाकावर ताटकळण्याची गरज नाही. दुसरी, अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील ११ व्या नियमानुसार पीडित स्त्रीला आणि स्त्री साक्षीदाराला आपल्या पसंतीचा एक सोबती आणता येतो. तिला आणि त्या सोबत्याला प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो. मूल सांभाळायला सासू, नणंद, शेजारीण कोणीही सोबत आणा आणि भत्ता मागून घ्या. तो उपकार नाही, हक्क आहे.

मग करायचे काय? प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाकावा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न साधे ठेवावेत: बसस्थानकावर, रुग्णालयात, तहसीलमध्ये स्तनदा मातांसाठी खोली कोठे आहे, किती तास उघडी असते, किल्ली कोणाकडे असते? उत्तर हातात आले की जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागावा. एक खोली, सतरंजी, पंखा, प्यायचे पाणी, आतून लागणारी कडी. याला कोटींचा खर्च येत नाही.

आणि आपल्या घरचे काय? गावोगावी, वस्त्यावस्त्यांत आपण वर्गणी काढून विहारे बांधली. त्यांतली कित्येक वंदनेपुरती उघडतात, एरवी कुलूपबंद असतात. विहार या पाली शब्दाचा अर्थच राहण्याची, विसाव्याची जागा असा आहे. धाराशिवजवळच्या डोंगरातली प्राचीन लेणी श्रमणांच्या निवाऱ्यासाठीच कोरली गेली. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या आणि हे माणसांच्या व पशूंच्या सुखासाठी केले, असे आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवले. त्या परंपरेचे आपण वारस! मग जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावातली विहारे सकाळी दहा ते सहा उघडी ठेवायला हरकत काय? पाण्याचा माठ, सतरंजी, एक पाळणा आणि आलेल्या बाईला जात न विचारणारी एक उपासिका, एवढे पुरे आहे.

शासनाकडून मागायचे ते ठणकावून मागूच. पण मागणाऱ्याच्या स्वतःच्या दाराला कुलूप असता कामा नये. भगवंताच्या मूर्तीसमोर परंड्याच्या बाईचे लेकरू दोन घटका शांत झोपले, तर विहार बांधल्याचे सार्थक झाले असे समजावे. जय भीम!