इंग्रजीचा श्रीगणेशा

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. सायखेडा-चांदोरीत घराघरांत पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर आम्ही चार-पाच जणी धान्य, कपडे घेऊन मजुरांच्या वस्तीवर गेलो होतो. तिथं एक मावशी तापानं फणफणलेल्या नातवाला औषध पाजत होती. बाटली पाहिली, तर मुदत संपून वर्ष झालेलं! "मावशी, तारीख लिहिलीय ना यावर!" मी जरा रागानंच बोलले. ती शांतपणे म्हणाली, "चौथी शिकले ताई मी. मराठी येतं वाचता. हे इंग्रजीत हाये."

नातू बरा झाला, पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. आणि किती मुलींची शाळा चौथीलाच सुटली! एबीसीडीची ओळख व्हायच्या आतच. मग मी रागावले कुणावर?

दिवाळीनंतर वस्तीवर आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग सुरू केला. मुलं लगेच आली. त्यांच्या आया मात्र कडेला उभ्या राहून पदराआड हसायच्या. 'ए फॉर ॲपल' म्हणायची त्यांना लाज वाटे. एके दिवशी मी विचारलं, "आज बागेत काय काम केलंत?" उत्तर आलं, "थिनिंग." दुसरी म्हणाली, "आमचं डिपिंग चाललंय." मग क्रेट, ट्रॅक्टर, स्प्रे, बॉक्स... फळा भरून गेला. म्हटलं, "बायांनो, हे सगळं इंग्रजीच आहे!" "अगं बया, हे इंग्रजी व्हय?" म्हणत त्या दिवशी तिघी सतरंजीवर येऊन बसल्या.

मग धडेही बदलले. पहिली अक्षरं शिकवली ती ई, एक्स, पी. त्यापुढचा आकडा महिन्याचा, मग वर्ष. कधी महिना अक्षरांत असतो, म्हणून जानेवारी ते डिसेंबरची पहिली तीन-तीन अक्षरं पाठ केली. गोळ्यांची पट्टी तारखेच्या बाजूनं कापायची नाही, हेही ठरलं. द्राक्षबागेतल्या औषधांच्या डब्यांवर रंगीत खूण असते. लाल सर्वांत विषारी, मग पिवळी, निळी आणि हिरवी. हिरवी म्हणजे निर्धोक नव्हे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

एकदा एक आई असाच रिकामा डबा घासत होती, पाणी भरायला. पाचवीतली लेक अक्षरं जुळवत म्हणाली, "आई, यावर पॉयझन लिहिलंय. म्हणजे विष!" तो डबा पुन्हा घरात आला नाही. त्या पोरीला परीक्षेत किती गुण पडतील ते पडोत, माझ्या वहीत ती पास झाली.

सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'मधून इंग्रजी शिका असं कळकळीनं सांगितलं होतं. एवढ्या वर्षांनंतरही ते शिक्षण वस्तीच्या वेशीवर अडखळतं, याचं वाईट वाटतं. फाडफाड इंग्रजी बोलणं हा आमचा हट्ट नाही. मराठी सोडायची तर मुळीच नाही. पण जे वाचता न आल्यानं जिवावर बेतू शकतं, तेवढं तरी प्रत्येकीला यायला हवं ना?

मैत्रिणींनो, त्यासाठी बी.एड. लागत नाही. एक फळा, खडू आणि घरातली रिकामी पाकिटं पुरतात. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईपासूनच सुरुवात करून पाहा.

मध्ये करोनामुळं वर्ग बंद पडला, पुन्हा सुरू झाला. परवा शिकवताना माझं डोकं दुखत होतं. पर्समधून गोळी काढली, तशी त्या मावशीनं पट्टी हातातून घेतली, उजेडात धरली, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"नोव्हेंबर हाये. घ्या आता," ती म्हणाली. "आन् ताई, आधी तारीख बघत जा."