एक वैद्य, अनेक खिडक्या : संगणकावरील चालू प्रोग्राम बदलण्याचे साधन आणि त्याचा चिकित्सालयातील उपयोग



शिरूर येथील आमच्या चिकित्सालयात संगणक आला तेव्हा त्यावर एकच काम होत असे, ते म्हणजे केसपेपर टंकित करणे. आज दवाखाना उघडून अर्धा तास होत नाही तोच पडद्यावर पाच-सहा कामे एकाच वेळी चालू असतात. रुग्णनोंदीचा प्रोग्राम, औषधसाठ्याची एक्सेलमधील वही, देयके, प्रयोगशाळेचे अहवाल ज्यावर येतात ते व्हॉट्सॲप, आणि एखादा संदर्भ पाहावयाचा झाल्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थानाची ई-चरकसंहिता. २०१७ साली आयुष मंत्रालयाने 'नमस्ते' पोर्टल सुरू केले आणि १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये आयुर्वेदीय व्याधिसंज्ञांचा समावेश असलेला विभाग नवी दिल्ली येथे जाहीर झाला. तेव्हापासून संकेतांक शोधण्यासाठी आणखी एक खिडकी उघडी असते. या खिडक्यांमधून ये-जा कशी करावी, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

रांजणगाव औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक रुग्ण कटिशूल व जीर्ण मलबद्धता घेऊन आले होते. त्यांचा केसपेपर लिहीत असतानाच दुसऱ्या एका रुग्णेचा रक्ततपासणीचा अहवाल व्हॉट्सॲपवर आला. या ताईंना पाचवा महिना चालू होता आणि त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. आम्ही त्यांचाही केसपेपर उघडला, हिमोग्लोबिनचा आकडा नोंदविला, आकडा बरोबर उतरला का हे पाहण्यासाठी पुन्हा एकदा व्हॉट्सॲपवर गेलो आणि तेथून सवयीप्रमाणे ऑल्ट व टॅब या कळा दाबून 'मागे' आलो. समोर केसपेपर दिसला. त्यात रात्री गंधर्वहरीतकी चूर्ण कोष्ण जलासह असे लिहिले आणि छपाईची आज्ञा दिली. औषधे बांधून देणाऱ्या आमच्या मदतनीस ताई कागद घेऊन आत आल्या व म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या ताईंना पाचवा महिना ना? मग एरंडेलात परतलेलं हरड्याचं चूर्ण कशाला?"

त्यांनी विचारले म्हणून गर्भिणीच्या हाती विरेचक औषध गेले नाही. त्या दिवशी त्या रजेवर असत्या तर काय झाले असते, हा विचार आम्हांस बरेच दिवस सोडत नव्हता.

चूक कशी झाली हे समजून घेण्यासाठी ऑल्ट-टॅबची रीत जाणून घेणे आवश्यक आहे. बहुतेकांचा समज असा असतो की, खिडक्या टेबलावरील कागदांप्रमाणे एका ठरावीक क्रमाने मांडलेल्या आहेत. वस्तुतः विंडोज प्रणाली त्यांचा क्रम शेवटच्या वापरानुसार लावते. जी खिडकी आत्ता समोर आहे ती पहिली, तिच्या अगोदर जी समोर होती ती दुसरी, याप्रमाणे. ऑल्ट दाबून टॅब एकदाच दाबल्यास दुसऱ्या क्रमांकाची खिडकी पुढे येते. दोनच खिडक्यांमध्ये ये-जा असेल तर हे फार सोयीचे आहे. परंतु मध्ये तिसरी आली की क्रम बदलतो आणि आपल्या हाताला मात्र जुनाच क्रम पाठ असतो. आमच्या प्रसंगी व्हॉट्सॲपच्या लगेच मागे ताईंचा केसपेपर होता, कामगार रुग्णाचा नव्हे. दोन्ही केसपेपर एकाच प्रोग्रामचे, एकाच रंगाचे, एकाच मांडणीचे. वर नाव होते, पण ते वाचतो कोण?

चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे अणुत्व व एकत्व असे दोन गुण सांगितले आहेत, हे आपण सर्वांनी प्रथम वर्षातच पाठ केले आहे. मन एका वेळी एकाच विषयाशी संयुक्त होते. अनेक विषयांचे ज्ञान एकदम होते असे वाटते तो त्याच्या शीघ्र गतीचा परिणाम. संगणकाने खिडक्या दहा उघडून दिल्या तरी वैद्याचे मन एकच राहते. प्रत्येक वेळी खिडकी बदलताना ते एका विषयावरून सुटून दुसऱ्यास जोडले जाते, आणि त्या सांध्यातच चूक शिरते. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची दिशा दौंडला बदले व इंजिन दुसऱ्या टोकास लावावे लागे. आता कॉर्ड लाइनमुळे अनेक गाड्यांचा तो खोळंबा वाचला आहे. मनाला अशी कॉर्ड लाइन नाही, त्याला प्रत्येक वेळी इंजिन फिरवावेच लागते.

प्रथम जे घरात आहे ते

नवे साधन बसविण्यापूर्वी विंडोजमध्ये असलेल्या सोयी वापराव्यात. ऑल्टसह टॅब दाबून ऑल्ट धरूनच ठेवल्यास सर्व खिडक्यांची लघुचित्रे दिसतात. शिफ्टही दाबल्यास उलट दिशेने जाता येते. कंट्रोल, ऑल्ट व टॅब एकत्र दाबल्यास ही चित्रे हात सोडल्यावरही पडद्यावर राहतात, त्यामुळे नावे शांतपणे वाचून मग निवड करता येते. ज्यांचे बोट घाईने सुटते त्यांनी हीच रीत वापरावी.

दोन सेटिंग्ज अवश्य तपासाव्यात. विंडोज १० व ११ मध्ये 'सिस्टिम' या विभागात 'मल्टिटास्किंग' आहे. एज ब्राउझरमध्ये उघडलेली पाने ऑल्ट-टॅबच्या यादीत दाखवावीत की नाही हे तेथे ठरते. ती दाखवू नयेत असा पर्याय निवडल्यास यादी निम्मी होते. दुसरी सेटिंग टास्कबारची. एकाच प्रोग्रामच्या खिडक्या तेथे एका चित्राखाली गोळा केल्या जातात आणि नावे झाकली जातात. विंडोज ११ मध्ये हे थांबविण्याची सोय आरंभी नव्हती, २०२३ मधील सुधारणेत ती परत आली. 'कधीही एकत्र करू नये' हा पर्याय घ्यावा, म्हणजे प्रत्येक केसपेपरचे नाव खाली वेगळे दिसते.

साधन बसविणे

आठवड्यातून एक दिवस आम्ही दौंड येथे रुग्ण तपासतो. तेथे लहान पडद्याचा लॅपटॉप असतो. त्यावर ऑल्ट-टॅबची लघुचित्रे इतकी बारीक होतात की सर्व केसपेपर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. तेथे चित्रापेक्षा नावाने शोधण्याची सोय हवी. अशी साधने नवी नाहीत. विंडोज एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टनेच 'पॉवरटॉइज' या नावाने काही लहान उपकरणे दिली होती व त्यांत ऑल्ट-टॅबला पर्यायही होता. पुढे 'व्हिस्टास्विचर' लोकप्रिय झाले, ज्यात खिडक्यांची पूर्ण नावे यादीत आणि निवडलेल्या खिडकीचे मोठे चित्र शेजारी दिसे. २०१९ पासून पॉवरटॉइज नव्या रूपात, मुक्त स्रोत म्हणून विनामूल्य उपलब्ध आहे. आम्ही तेच बसविले.

ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून किंवा गिटहब या संकेतस्थळावरील मायक्रोसॉफ्टच्या पानावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वर येणाऱ्या अनोळखी दुव्यांवर जाऊ नये. गिटहबवर दोन प्रकारची स्थापक फाइल असते, एक संपूर्ण संगणकासाठी व एक केवळ आपल्या खात्यापुरती. लहान दवाखान्यास दुसरी पुरेशी आहे. आम्ही ती शिरूर येथे उतरवून पेनड्राइव्हवर दौंडला नेली, कारण फाइल बरीच मोठी आहे आणि तेथे आम्ही मोबाइलच्या इंटरनेटवर काम करतो. स्थापनेनंतर घड्याळाशेजारी तिचे चिन्ह येते. त्यावरून सेटिंग्ज उघडाव्यात आणि ज्यांचे काम नाही अशी उपकरणे बंद करावीत. हे टाळू नये. पॉवरटॉइजमध्ये डझनावारी उपकरणे आहेत व त्यांपैकी अनेकांनी काही कळा अडवलेल्या असतात. टंकलेखन करताना भलतीच खिडकी उघडली तर नवा घोटाळा.

आपल्यास हवे ते 'पॉवरटॉइज रन' हे उपकरण व त्यातील 'विंडो वॉकर' हा भाग. दोन्ही चालू आहेत याची खात्री करावी आणि कोणत्या कळांनी ते उघडावे हे स्वतः ठरवावे. ऑल्ट व स्पेसबार ही जोडी आम्हांस सोयीची वाटली. नव्या आवृत्त्यांमध्ये 'कमांड पॅलेट' नावाचे याच जातीचे दुसरे उपकरणही आहे, पण दोहोंपैकी एकच वापरावे. चौकट उघडल्यावर गणितातील 'पेक्षा लहान' हे चिन्ह टंकावे, म्हणजे शोध केवळ उघड्या खिडक्यांपुरता मर्यादित होतो. मग नावातील दोन-तीन अक्षरे लिहून एंटर दाबले की नेमकी ती खिडकी समोर येते. क्रम लक्षात ठेवावा लागत नाही. कोणता रुग्ण हवा हे मात्र मनात स्पष्ट असावे लागते, आणि आमच्या मते याचा खरा गुण हाच आहे.

येथे एक अडचण आली. आमच्या रुग्णनोंदीच्या प्रत्येक खिडकीच्या शीर्षपट्टीवर 'रुग्णनोंद' एवढेच लिहिलेले असे, रुग्णाचे नाव आत. ज्या खिडकीला स्वतःचे नाव नाही तिला कोणतेही साधन शोधू शकत नाही. प्रोग्राम तयार करून देणाऱ्या गृहस्थांना सांगून शीर्षपट्टीवर केसपेपर क्रमांक व आडनाव आणविले. काम एका दिवसाचे होते, मागणी करण्याचे सुचले नव्हते इतकेच. क्रमांक पुढे ठेवण्यास कारण आहे. नाव देवनागरीत असेल तर शोधतानाही कळफलक मराठी करावा लागतो आणि घाईत ते राहून जाते, तर आकडे इंग्रजी ठेवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. जे वैद्य वर्ड किंवा एक्सेलमध्ये नोंदी ठेवतात त्यांनी फाइलच्या नावातच क्रमांक घालावा.

काही मित्रांनी सुचविले की, एका वेळी एकच केसपेपर उघडण्याची मुभा ठेवावी, म्हणजे प्रश्नच मिटेल. आम्हांसही ते पटले होते. परंतु २०१९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावरील चाचणी प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या आरोग्यसंस्थेत ३,३५६ चिकित्सकांचे दोन गट केले होते. एका गटास एका वेळी एकाच रुग्णाची नोंद, दुसऱ्यास चारपर्यंत उघडण्याची मुभा. चुकीच्या रुग्णास औषधादेश देण्याच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. मुभा असलेल्या गटातही बहुतेक काम एकच नोंद उघडी ठेवून झाले होते, हेही लक्षात घ्यावे. तेथील व्यवस्था आणि आपला दोन खोल्यांचा दवाखाना यांची सरळ तुलना होणार नाही. तथापि केवळ खिडक्या कमी केल्याने आपण सुरक्षित झालो, असे समजण्यास आधार उरत नाही. म्हणून आम्ही मर्यादा घातली नाही. छपाईपूर्वी केसपेपर क्रमांक मोठ्याने उच्चारावयाचा आणि रुग्णाने हातातील चिठ्ठीवरून तो बरोबर असल्याचे सांगावयाचे, एवढी पद्धत ठेवली आहे.

ज्यांचा संगणक अद्याप विंडोज १० वर आहे त्यांनी ध्यानात घ्यावे की, त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वरील साधन तिच्यावरही चालते, परंतु रुग्णांची माहिती असलेला व इंटरनेटला जोडलेला संगणक तसाच ठेवणे योग्य नव्हे. आमचा दौंडचा लॅपटॉप अजून तिच्यावरच आहे. तो बदलेपर्यंत त्यावरील नोंदी आम्ही दर आठवड्यास शिरूरच्या संगणकावर उतरवून तेथून पुसून टाकतो.