सरसाम: ताप डोक्यात चढतो तेव्हा

ताप वाढला, माणूस असंबद्ध बोलू लागला, घरच्यांनाच ओळखेनासा झाला की आपल्या घरांतले बुजुर्ग म्हणत, 'सरसाम हो गया.' शेजारच्या घरी म्हणत, 'वात झाला' किंवा 'सन्निपात झाला.' आज रुग्णालयाच्या केसपेपरवर यातला एकही शब्द दिसत नाही. मग हा आजार गेला कुठे?

शब्द फारसी आहे. 'सर' म्हणजे डोके आणि 'साम' म्हणजे सूज. त्याचाच भाऊ 'बरसाम', म्हणजे छातीची सूज. हकिमांनी ही कल्पना ग्रीकांकडून घेतली. ग्रीक वैद्य या आजाराला 'फ्रेनायटिस' म्हणत. त्यातल्या मूळ शब्दाचा अर्थ मनही होतो आणि छाती-पोटामधला पडदाही. त्यामुळे दोष डोक्यात की पडद्यात, हा वाद फार जुना. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी 'अल-कानून'मध्ये सरसामला मेंदूच्या आवरणांची किंवा मेंदूची गरम सूज म्हटले. दुसऱ्या अवयवाच्या आजारामुळे येणारा भ्रम त्यांनी यापासून वेगळा काढला. डोक्यावर गुलाबाचे तेल आणि सिरका लावणे हा त्या काळचा उपाय.

अशा तापाची एक मोठी घटना पुण्यातच घडली. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे तापाने आजारी होते. वय अवघे एकवीस. त्या अवस्थेत ते शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि २७ ऑक्टोबरला वारले. तापाच्या भ्रमात तोल गेला की नाना फडणवीसांच्या धाकाला कंटाळून उडी मारली, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. तापाने भ्रमलेल्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नये, एवढे मात्र त्यातून नक्की कळते.

एकोणिसाव्या शतकात हे एक नाव फुटून त्याची अनेक नावे झाली. विषमज्वराचा जंतू आणि मलेरियाचा परजीवी, दोन्ही १८८० मध्ये दिसले. १८८७ मध्ये व्हिएन्नाच्या वायक्सेलबाउम यांनी मेंदूच्या आवरणांना सूज आणणारा एक जंतू शोधला. १८९१ मध्ये जर्मनीच्या क्विंके यांनी कमरेतून सुई घालून मणक्यातले पाणी काढण्याची पद्धत सांगितली. त्या पाण्याच्या तपासणीवरून मेंदूज्वर ओळखता येऊ लागला. बरळणे हा स्वतंत्र आजार नसून अनेक आजारांचे लक्षण आहे, हे पक्के झाले.

कारण कळले, तरी औषध हाती यायला आणखी अर्धे शतक लागले. त्याचा एक धागा आपल्या निगडीच्या अगदी जवळ आहे. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. जंतूंमुळे होणाऱ्या काही प्रकारच्या मेंदूज्वरावर हे औषध चालते. पुढे या पट्ट्यात वाहनांचे कारखाने वाढले. पण पिंपरीचे नाव देशभर पोहोचले ते आधी या औषधामुळे.

औषध आले, नाव गेले, तरी एक जुनी सवय मागे उरली आहे. तापात मूल भलतेच बोलू लागले, भिंतीकडे बोट दाखवून घाबरले की घरात कुजबुज सुरू होते, 'असर झालाय,' 'बाहेरचं आहे.' मग ताईत, पाणी दम करणे, आणि यात एक-दोन दिवस जातात. मेंदूज्वरात तेवढा वेळ मुलाचा जीव किंवा ऐकण्याची शक्ती घेऊन जाऊ शकतो. दुआ जरूर करावी. ती रुग्णवाहिकेत बसूनही करता येते. हजार वर्षांपूर्वी इब्न सीनांनी या बरळण्याचे कारण शरीरातच शोधले होते, हे आपण तरी विसरू नये.

तापाबरोबर पुढीलपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका: असंबद्ध बोलणे, मान ताठ होणे, वारंवार उलट्या, झटके, उजेड सहन न होणे, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग, हाक मारूनही नीट जाग न येणे. तान्ह्या बाळाची टाळू फुगणे आणि दूध न पिणे हीही धोक्याची खूण. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा औषध घालू नका, त्याला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

'सरसाम' हा शब्द घरात जपायला हरकत नाही. आजीने तो उच्चारला की घरातल्या तरुणाने लगेच गाडी काढावी, म्हणजे झाले.