चामोर्शीचं घर आणि अब्बांची वही

चामोर्शीचं घर विकायचं ठरलं तेव्हा आम्हा चौघा भावंडांपैकी कुणीही नाही म्हटलं नाही. आपा नागपुरात, भाईजान चंद्रपुरात, आम्ही धाकटे दोघं पुण्यात. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली, अम्मीला तीन. मातीच्या भिंती, वर कवेलू. माकडं उड्या मारून दरवर्षी निम्मी कवेलू फोडतात आणि पावसाळ्यात माजघरात बादल्या मांडाव्या लागतात. आता लक्ष देणार कोण? दलालाने भाव सांगितला, तो बरा वाटला. सामान आवरायला म्हणून आम्ही चौघं मे महिन्यात चार दिवसांसाठी गावी जमलो. चौघं एकत्र त्या छपरीत झोपल्याला वीस वर्षं तरी झाली असतील.

चामोर्शी कुठे, असं पुण्यात कुणी विचारलं की आम्ही आधी गडचिरोली सांगतो. मग समोरचा माणूस लगेच नक्षलवादाचं काहीतरी विचारतो. आमच्या आठवणीतलं चामोर्शी तसं नाही. आमचं चामोर्शी म्हणजे धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या, रोवण्याच्या दिवसांत चिखलाने माखलेल्या बाया आणि संध्याकाळी घराघरांतून येणारा भाताच्या पेजेचा वास. आम्ही लहान असताना पत्रावर ‘जिल्हा चंद्रपूर’ लिहायचो. घरातले मोठे तर चांदाच म्हणत. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला आणि शाळेत गुरुजींनी पाटीवर नवा पत्ता लिहून घेतला. नाना अखेरपर्यंत चांदाच लिहीत राहिले, आणि पोस्टमनकाका ती पत्रं बरोबर पोचवत राहिले.

मुसलमानांची घरं गावात मोजकी. घरात आम्ही आपली ती नागपुरी वळणाची उर्दू-हिंदी बोलायचो, शाळेत मराठी आणि गल्लीत झाडीबोली. तीन भाषा बोलतोय हे आम्हाला कळतही नव्हतं. सकाळी मशिदीत कायदा, मग जिल्हा परिषदेची शाळा, दुपारी तलाव. तलावात पोहायचं नाही अशी अम्मीची सक्त ताकीद होती. ओले केस पाहून तिला कळायचंच. नंतर आम्ही केस वाळेपर्यंत चिंचेखाली बसायला शिकलो.

बाजाराच्या दिवशी तर मजाच. ढिवर बाया मरळ आणि झिंगे घेऊन बसायच्या. जंगलातून आलेली टेंभरं, चारं आणि पावसाळ्यात सात्या, वास्ते. पूर्व पाकिस्तानातून येऊन आमच्या भागात वसवलेले बंगाली लोक त्यांच्या कॅम्पातून भाजी आणि मासे आणायचे. त्यांच्याकडून अम्मी मोहरीच्या वाटणातली मच्छी शिकली. आपा अजून करते ती, पण नागपुरात तसा रोहू मिळत नाही असं म्हणते. (मिळतो. तिला चामोर्शीचाच हवा असतो.)

महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा. वैनगंगा तिथे वळून उत्तरेकडे वाहते. काठावर दगडी मंदिरांचा समूह आहे, लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. कनिंगहॅम हा इंग्रज अधिकारी १८७३-७४च्या दौऱ्यात ही मंदिरं पाहून गेला होता, हे आम्हाला फार नंतर कळलं. आमच्यासाठी मार्कंडा म्हणजे मामूंचं बांगड्यांचं दुकान. यात्रेत मामू ताटवे उभारून दुकान लावायचे आणि आम्हाला बांगड्यांची दोरी धरून बसवायचे. दूर तेलंगणातून आलेल्या बायांशी मामू त्यांच्या तेलुगूत भाव करत. दुपारी वाळूवर चादर अंथरून जोहरची नमाज, आणि शेजारच्या खेळणीवाल्याने आमच्या गल्ल्यावर लक्ष ठेवायचं. तो जेवायला गेला की आम्ही त्याच्या गल्ल्यावर.

दिवाळीनंतर मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटकं. वडशाच्या मंडळ्या ट्रकने यायच्या. अम्मीला नाटक पसंत नव्हतं, अब्बा मात्र गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावायचो आणि घोंगडं घेऊन सांदवाडीच्या दारातून पसार व्हायचो.

अब्बांचं सायकलीचं दुकान होतं. पंक्चर, चाकाचा आउट काढणं आणि मुख्य म्हणजे भाड्याने सायकली. हिरव्या-काळ्या अकरा सायकली दुकानासमोर ओळीने उभ्या असत. गावातली अर्धी पोरं अब्बांच्या सायकलींवर शिकली. पण एप्रिलअखेर दुकान चाचांवर सोपवून अब्बा जंगलात जायचे. तेंदूपत्त्याच्या फळीवर ते मुन्शी होते.

शहरात वाढलेल्या वाचकांना हे काम ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. विडीसाठी जे पान लागतं ते तेंदूचं. उन्हाळ्यात कोवळी पानं फुटतात आणि पंधरा-वीस दिवसांत ती तोडावी लागतात. गावंच्या गावं पहाटे जंगलात जातात. दुपारी घरातली सगळी, लहान पोरंसुद्धा, बसून पुडे बांधतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक प्रमाण पोतं. संध्याकाळी पुडे फळीवर आणायचे, मुन्शीने मोजून घ्यायचे आणि कार्डावर लिहायचे. मग ते उघड्या जमिनीवर रांगांनी वाळत पडतात, पलटवले जातात आणि शेवटी पोत्यात भरतात. १९६९च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या ताब्यात आला. सरकार जंगलाचे घटक पाडून लिलाव करी आणि ठेकेदार माल उचलत. जंगलातल्या माणसाला वर्षात रोख पैसा दिसायचा तो याच दिवसांत. त्या पैशात बियाणं, कपडा, लग्न, सगळं.

१९८६ साली रमजान मे महिन्यात आला. अब्बा रोजे ठेवून फळीवर उभे असत. चांद्याकडचा मे कसा असतो ते तिकडच्यांना सांगायला नको. आठवड्यातून एकदा ते घरी येत तेव्हा ओठ फुटलेले असत. इफ्तारला पाण्याचा पेला हातात धरून ते थोडा वेळ नुसते बसायचे.

त्या वर्षी हंगाम संपता संपता अवकाळी पाऊस झाला. वाळत घातलेले पुडे भिजले, काळे पडले. ठेकेदाराने शेवटच्या चार दिवसांचा माल खराब म्हणून नाकारला आणि मजुरी न देताच निघून गेला. हे आम्हाला तेव्हा इतकंच कळलं होतं की अब्बांचं काही नुकसान झालं. जूनमध्ये मृग लागला आणि ईद आली. शीरखुर्मा झाला, पण कपडे जुनेच. भाईजान तेव्हा बारा वर्षांचा. पाहुणे बसलेले असताना तो अब्बांना म्हणाला, “बाकी सब के अब्बा लाते हैं.” अब्बा काही बोलले नाहीत. अम्मीने त्याला आत नेलं. आम्ही धाकट्यांनी मात्र भाईजानचीच बाजू घेतली होती, हे इथे कबूल केलं पाहिजे.

बकरीईदपर्यंत दुकानासमोरच्या सायकली अकराच्या सहा झाल्या. आम्हाला वाटलं, धंदा बसला.

सामान आवरताना पत्र्याच्या पेटीत ती वही सापडली. रेशनकार्ड, निकाहनामा, दुकानाच्या जुन्या पावत्या आणि खाली निळ्या पुठ्ठ्याची वही. आतल्या पानावर मराठीत सत्तावीस नावं, गावं आणि समोर रकमा. बेचाळीस रुपये. साडेएकोणसाठ. अडतीस. बहुतेक नावं बायांची. एकोणीस नावांसमोर उर्दूत ‘अदा’ आणि तारीख. पहिली तारीख १९८६च्या ऑगस्टची, शेवटची १९९१ची. आठ नावांसमोर काही नाही.

आपा एकटीच त्या वेळी चौदा वर्षांची होती. तिला अंधुक आठवत होतं. रात्री अम्मी आणि अब्बा हळू आवाजात बोलत होते. अब्बा म्हणत होते, मैंने जुबान दी है. अम्मी म्हणाली होती, “तो दे दो. किसी का हक मत रखो.” सायकली कुठे गेल्या ते आम्हाला अडतीस वर्षांनी कळलं. भाईजान वही घेऊन विहिरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता प्रश्न असा, की हे कर्ज होतं का? मजुरी ठेकेदाराने बुडवली होती, मुन्शीने नव्हे. आम्ही नागपूरच्या एका मौलाना साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तुमचे वालिद केवळ हिशेब लिहिणारे असते तर त्यांच्यावर काही नव्हतं. पण त्यांनी मजुरांना ‘मी देतो’ असं सांगितलं असेल तर ते जामीन झाले, त्याला कफाला म्हणतात, आणि ती रक्कम त्यांच्यावर आली. मय्यतचं कर्ज आधी फिटतं, वारसा नंतर वाटला जातो. सूरह निसामध्ये वारसाचे हिस्से सांगताना ही अट घातलेली आहे. मग त्यांनी विचारलं, घर विकलं का? आम्ही म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, बरं झालं.

रक्कम किती द्यायची हेही विचारलं. बेचाळीस रुपयांत आज काय येतं! मौलाना म्हणाले, हक बेचाळीसचाच आहे, पण खुशीने जास्त दिलं तर मनाई नाही. माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्या. कुणीच सापडलं नाही तर त्यांच्या नावाने सदका करा, पण आधी शोधा. ‘आधी शोधा’ हे ते दोनदा म्हणाले. घाम वाळण्याआधी मजुरी द्यायची हे आम्ही मदरशात पाठ केलेलं. आमच्याकडे तो वाळून अडतीस उन्हाळे गेले होते.

दुसऱ्याच दिवशी भाईजानच्या गाडीने निघालो. घोटच्या बाजूचा रस्ता आता चांगला आहे, आष्टीकडच्या रस्त्यावर मात्र सूरजागडच्या खनिजाचे ट्रक एकामागून एक, आणि झाडं लाल धुळीने माखलेली. गावागावांत विचारत गेलो. पहिल्या दिवशी तीन नावं सापडली. त्यातल्या दोघी वारलेल्या, त्यांच्या मुलांनी पैसे घेताना आम्हालाच चहा पाजला. एका गावात तरुण मुलांनी सांगितलं की आता ग्रामसभाच तेंदूपत्त्याचा लिलाव करते. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर हे बदललं. आमच्याच जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली होती. मुन्शी आता गावातलाच मुलगा असतो. हिशेब फळ्यावर लिहिला जातो. ते ऐकताना आम्हाला अब्बांची आठवण येत होती, पण बोललो नाही.

चौथं नाव होतं एका गोंड आजींचं. नव्वदीच्या घरातल्या. अंगणात मोहाची टोरी वाळत घातलेली, त्या बाजेवर बसलेल्या. आम्ही सलाम केला, त्यांनी हात जोडले आणि डोळे बारीक करून भाईजानकडे पाहिलं.

“मुन्शीबापूचा पोरगा का तू? डोरे तसेच आहेत.”

पैशांचं सांगितलं तर त्यांना आठवेना. ओल्या पानांचं वर्षही आठवेना. पाऊस तर किती वेळा आला, म्हणाल्या. पण मुन्शीबापू आठवत होते. बाकीचे मुन्शी मोजताना पुडे बाजूला टाकत, शेकड्यामागे दोन-चार असेच आपल्याकडे ठेवत. “तो असा उलटून पाहे. सत्तरच्या वर पान निघालं तर काढून हातात दे. म्हणे, आजचं नाही, उद्याच्या पुड्यात घाल.”

आपाने त्यांच्या हातात पाकीट दिलं. त्यांनी उघडून नोटा बाजेवर मांडल्या, एकेक, हळूहळू. मग त्यातल्या काही आमच्याकडे सरकवल्या. आम्ही म्हटलं, आजी, ठेवा, हे आमच्या खुशीचे. त्या ऐकेनात. सून मध्ये पडली तेव्हा कुठे राहू दिल्या, पण उठताना पदरात चार मुठी चारोळ्या घातल्याच आपाच्या. त्या यंदाच्या शीरखुर्म्यासाठी जपून ठेवल्या आहेत.

आठपैकी सात नावं आता झाली आहेत. सातव्यासाठी आम्हाला नदीपल्याड मूलपर्यंत जावं लागलं, तिथे मुलीकडे राहणारी एक विधवा निघाली. आठव्या नावाचं मात्र कोडं आहे. वहीत नुसतं पहिलं नाव आणि गाव. त्या गावात त्या नावाच्या दोघी होत्या, दोघीही फळीवर जायच्या. एक हयात आहे, एक वारली. हयात आहे ती म्हणते, तिचे असतील, माझे तर बापूंनी दिले होते. वारलेलीचा मुलगा म्हणतो, आईने कधी सांगितलं नाही, त्या मावशीचेच असतील. दोघांनाही द्यावं असं आम्हा धाकट्यांचं मत. भाईजान म्हणतो, अदा झालेल्या नावांत पुन्हा पाहू, तिथे हे नाव एकदा आलेलं असेल तर कळेल. वही तो चंद्रपूरला घेऊन गेला आहे. अब्बांचं उर्दू अक्षर बारीक आहे, काही पानं वाळवीने खाल्ली आहेत.

परवा दलालाचा फोन आला होता. गिऱ्हाईक थांबायला तयार नाही म्हणाला. पोळ्यानंतर बघू, असं आपाने त्याला सांगून टाकलं. कवेलू फेरायला माणूस मात्र लावला आहे, पावसाळा तोंडावर आहे.