आंधळं दळतं, पण पीठ कुणाच्या घरी जातं?

मंडळी, एक म्हण आपण सगळेच वापरतो. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं. ग्रामपंचायतीत घोळ झाला की म्हणतो, सोसायटीच्या हिशेबात गडबड निघाली की म्हणतो. पण या म्हणीकडे एकदा नीट पाहा. तिच्यातला आंधळा माणूस ओट्यावर बसून भाकरीची वाट पाहत नाही. तो दळतो आहे. जात्याचा खुंटा त्याच्या हातात आहे आणि पीठही पडते आहे. चूक त्याची नाही. पीठ सांभाळायला जे डोळस होते ते कुठे गेले, हा खरा सवाल आहे.

अपंग माणूस म्हटला की आपल्या गावात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे "बिचारं लेकरू", आणि दुसरी म्हणजे "त्याचा पगार सुरू झाला का?" त्याला काय काम येते, काय शिकायचे आहे, हे कुणी विचारत नाही. सरकारने शब्द बदलला, अपंगाचा दिव्यांग झाला. चांगले झाले. पण शब्द बदलल्याने चूल पेटत नाही. चूल पेटते कामाने.

हा प्रश्न आपल्याच घरचा

धाड हे बुलडाणा तालुक्यातले मोठे गाव, जालना जिल्ह्याच्या शिवेजवळचे. बाजाराला आसपासच्या खेड्यांतली माणसे येतात. त्या गर्दीत कुबडी घेतलेला, बहिरा, एका हाताने पिशवी सांभाळणारा माणूस तुम्हांला दिसतोच. जो घराबाहेरच पडत नाही, तो मात्र दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. हे प्रमाण शंभरात अडीचपेक्षा थोडे जास्त पडते. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात सरासरीने १३० माणसे. देशातल्या अपंगांपैकी ६९ टक्के खेड्यांत राहतात, आणि एकूण अपंगांपैकी काम करणारे म्हणून नोंदले गेले ते फक्त ३६ टक्के. तुमच्या गावच्या यादीत किती नावे आहेत, ते जरा ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

आणि शेतकरी बांधवांनो, अपंगत्व फक्त जन्माने येत नाही. सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्रात पेंढी लोटता लोटता हात जातो. कडबा कुट्टीत बोटे जातात. मोटारीचा शॉक लागतो, विहिरीत पाय घसरून कंबर मोडते. मळणी यंत्रांच्या सुरक्षेची बंधने घालणारा केंद्रीय कायदा १९८३ पासून आहे, तरी रात्री बॅटरीच्या उजेडात, सैल सदरा घालून मळणीवर उभे राहणे आपण काही सोडले नाही.

अशा अपघातासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. शेतकऱ्याचा मृत्यू झाला, किंवा दोन डोळे, दोन अवयव, अथवा एक डोळा व एक अवयव निकामी झाला तर २ लाख रुपये, एकच डोळा किंवा एकच अवयव गेला तर १ लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५ वर्षे. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला नाव नसलेला एक सदस्य, दोघेही यात येतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. दुःखाच्या घरात कागदाची आठवण कुणाला राहत नाही. म्हणून पोलिस पाटील आणि कृषी सहायक यांनीच आठवण ठेवली पाहिजे.

कायदा काय सांगतो?

अपंगांसाठी देशात पहिला मोठा कायदा झाला १९९५ साली. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला आणि सरकारी नोकरीत ३ टक्के जागा राखीव झाल्या. त्या जागा कशा मोजायच्या यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संवर्गातील एकूण पदांवर ३ टक्के मोजा. म्हणजे कायदा झाल्यावर त्याचा हिशेब सुटायलाच १७ वर्षे गेली. तोवर किती जणांचे वय निघून गेले असेल, याचा विचार करा.

पुढे २०१६ चा नवा कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. पूर्वी अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन, बुटकेपणा, स्नायूंचा क्षय, शिकण्यातली विशिष्ट अडचण, हे सारे त्यात आले. सरकारी नोकरीतील राखीव जागा ३ वरून ४ टक्के झाल्या. दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा ठरला आणि त्यातही अपंग स्त्रियांना अग्रक्रम दिला. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर माणसाला काढून टाकता येत नाही, त्याला झेपेल अशा दुसऱ्या कामावर त्याच पगारात घ्यावे लागते. जुन्या सार्वजनिक इमारतीही पाच वर्षांत ये-जा करण्याजोग्या करायच्या होत्या. नियम २०१७ चे, मुदत २०२२ मध्येच संपली. तुमच्या ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उतार झाला का, हे पाहायला मुंबईचा साहेब लागत नाही.

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागच काढला. त्यामागे अचलपूरचे बच्चू कडू आणि गावोगावच्या अपंगांनी केलेली आंदोलने होती. तेव्हा मंत्रालयात दार उघडले आहे. आता गावातल्या दाराचे बोलू.

पहिली अडचण कागदाची

नोकरी असो, कर्ज असो की एस.टी.ची ७५ टक्के सवलत असो, सगळ्यांची चावी एकच, आणि ती म्हणजे प्रमाणपत्र. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक लाभ लागू होतात. आता नोंदणी संगणकावर होते आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांच्या खाली पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांपर्यंत पिवळे आणि ८० टक्के व त्यावर निळे कार्ड ठरले आहे.

ऐकायला सोपे वाटते. पण धाडच्या आसपासच्या एखाद्या वाडीवरून, ज्याला दोन पायांवर उभे राहता येत नाही, त्याने बुलडाण्याच्या दवाखान्यात जायचे. सोबत घरचा एक माणूस, त्याची मजुरी बुडाली. त्या दिवशी डॉक्टर रजेवर असला की पुन्हा फेरी. दोन फेऱ्यांत माणूस म्हणतो, जाऊ द्या, नाही पाहिजे तुमचा कागद. इथे गावाने काय करावे? ग्रामसेवकाने, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, आशाताईच्या मदतीने यादी करावी. अर्ज ग्रामपंचायतीच्या संगणकावरच भरून घ्यावेत. तपासणीचा दिवस आधी विचारून घ्यावा आणि सगळ्यांना एका गाडीने न्यावे. यात हजार-दोन हजारांचे डिझेल जाईल. मिरवणुकीच्या डीजेपेक्षा कमीच.

आणखी एक गोष्ट. याच बुलडाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. मनाने आजारी माणसाला घेऊन दूरदूरचे लोक तेथे येतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण मानसिक आजार हा १९९५ पासून कायद्याने अपंगत्वाच्या यादीत आहे, त्याला औषध आहे, आणि नियमित औषध घेणारे अनेक जण शेतात, दुकानात नीट काम करतात. बाबांच्या पायाशी जा, पण डॉक्टरची चिठ्ठीही खिशात असू द्या. अशा माणसाला "वेडा" म्हणून कामावरून हाकलू नका. घरी बसवले की आजार वाढतो.

पाच टक्के कुठे जातात?

सरपंच मंडळी, आता तुमच्याशी बोलतो. ग्रामविकास विभागाच्या २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची आहे. घरपट्टी आणि गाळ्यांचे भाडे धरून समजा तुमचे उत्पन्न १० लाख आहे, तर ५० हजार रुपये अपंगांचे. ती मेहेरबानी नाही, त्यांचा हक्काचा हिस्सा आहे.

हे पैसे जातात कुठे? काही ठिकाणी कागदावर राहतात. काही ठिकाणी ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला प्रत्येकाला थोडे थोडे वाटून फोटो निघतो. महागाईत ते पैसे आठवडाभर पुरत नाहीत. वाटायचेच असतील तर असे वाटा की माणूस दुसऱ्या वर्षी मागायला येणार नाही. एका वर्षी तिघांना शिलाई मशीन, वजनकाटा, सायकल दुरुस्तीची हत्यारे द्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या तिघांना. नावे ग्रामसभेत सर्वांसमोर ठरवा. आधी ज्यांच्या घरात दुसरा कमावता नाही ते घ्या.

"याला काय जमणार हाय?"

हा प्रश्न आपण विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. महारोगी सेवा समिती स्थापन करून बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, ते कुष्ठरोग्यांच्या कष्टावर. ज्यांची बोटे झडली होती त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली. तेथे अपंगांना हुन्नर शिकवणारे संधिनिकेतन आहे. कोल्हापुरात स्वतः चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये अपंगांसाठी संस्था काढली आणि पुढे सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करण्याचे काम अपंग हातांना दिले. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास तयार झाला तो आपल्यासारख्या लोकांसाठीच. त्यावर उकिडवे बसता येते आणि चिखलात चालता येते.

आपल्याकडे बसून करण्याजोगी कामे थोडी आहेत काय? मिरची निवडणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, शेळ्या-कोंबड्या पाळणे, पिठाची गिरणी, मोबाइल दुरुस्ती, दूध संकलनाच्या वह्या. रोजगार हमी तर महाराष्ट्राचीच देणगी. राज्याचा कायदा १९७७ चा, केंद्राचा २००५ चा, आणि त्या केंद्रीय कायद्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. २००५ च्या कायद्याखालील सूचनांतच सांगितले होते की मजुरांना पाणी पाजणे, लेकरे सांभाळणे, झाडे लावणे, देखरेख करणे अशी कामे अपंगांना द्यावीत. योजनेचे नाव काहीही पडो, ही कामे गावात राहणारच.

भांडवलाचीही सोय आहे. बीज भांडवल योजनेत १ लाख ५० हजारांपर्यंतच्या धंद्यासाठी ८० टक्के बँकेचे कर्ज आणि २० टक्के, जास्तीत जास्त ३० हजार रुपये, अनुदान असे गणित आहे. राज्याचे दिव्यांग वित्त व विकास महामंडळही कर्ज देते. पण बँकेतला साहेब अपंग माणूस समोर पाहून आधी "परत कसे फेडणार?" म्हणतो. अशा वेळी सरपंच किंवा सोसायटीचा अध्यक्ष सोबत बँकेत जाऊन बसला तर बोलण्याचा सूर बदलतो. करून पाहा.

पगार हवा, पण तोच पुरेसा नाही

संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे मासिक अर्थसाहाय्य सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने १५०० वरून २५०० रुपये झाले. हे लढून मिळवलेले पैसे आहेत आणि ज्याला खरोखर काम होत नाही त्याचा तो आधार आहे. पण या योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे. त्यामुळे चार पैसे कमावू शकणारा पोरगा घाबरतो. दुकान टाकले, उत्पन्न दिसले, आणि पगार बंद झाला तर? दुकान नाही चालले तर? म्हणून तो कामच काढत नाही. कामाला लागलेल्या अपंगाचे अर्थसाहाय्य लगेच न तोडता काही काळ चालू ठेवावे, असा ठराव ग्रामसभांनी करून वर पाठवायला हवा. माणूस धंद्यात स्थिरावला की तो स्वतःच सांगेल, आता नको.

आणि एक कडू गोष्ट. धडधाकट माणूस खोटे प्रमाणपत्र काढून अपंगाची जागा घेतो, हेही आपण पाहतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गावाला कोण खरा, कोण खोटा हे ठाऊक असते. "आपल्याला काय करायचे?" म्हणून आपण गप्प बसतो. म्हणीतले पीठ जाते ते असे.

तेव्हा वाचकहो, पुढची ग्रामसभा केव्हाही असो, उठून तीन प्रश्न विचारा. गावात अपंग किती, आणि त्यांतल्या किती जणांकडे कार्ड आहे? मागच्या वर्षीचे ५ टक्के किती आणि कशावर खर्च झाले? त्यांतून किती जण कामाला लागले? उत्तर लिहून घ्या, इतिवृत्तात नोंदवायला लावा. आणि ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्यांना सभेत आणून बसवा, मागे दाराशी नाही, पुढे. दळणारे हात गावात आहेत. पिठावर नजर ठेवायचे काम आपले आहे.