मुठीत मावणारी जॅग्वार

डायकास्ट म्हणजे काय हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. जर्नलमध्ये आकृती असतेच. वितळलेला झिंकचा मिश्रधातू दाबाखाली पोलादी साच्यात घुसवायचा, तो क्षणात गोठतो, साचा उघडला की गाडीची बॉडी हजर. बाकी ब्रँचेसना एवढं पुरे. पण ह्याच पद्धतीने बनवलेल्या, लहान मुलांच्या खाऊच्या पैशांत मिळणाऱ्या स्पोर्ट्‌स कार्स आज मोठी माणसं काचेच्या कपाटात ठेवतात, भिंग लावून बघतात आणि त्यांच्यापायी पगार उडवतात. हा काय प्रकार आहे?

सुरुवात आगगाडीपासून झाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीची मेकॅनो कंपनी खेळण्यातल्या रेल्वे बनवायची. त्या रेल्वेशेजारी ठेवायला म्हणून डिसेंबर १९३३ मध्ये तिने सहा छोटी वाहनं काढली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं नाव पडलं डिंकी टॉइज. गंमत म्हणजे त्या सहांतला पहिलाच नंबर, २२-ए, स्पोर्ट्‌स कारचा होता. १:४३ हे विचित्र प्रमाणसुद्धा रेल्वेचंच. ‘ओ’ गेजमध्ये खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरतात. ३०४.८ भागिले ७, करून बघा.

१९५६ मध्ये वेल्सच्या स्वान्सीमधून कॉर्गी टॉइज आल्या आणि त्यांच्या खिडक्यांना चक्क काचा (म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक) होत्या! डिंकीवाल्यांची जाम पंचाईत झाली. कॉर्गीचा खरा धमाका मात्र १९६५ चा, नंबर २६१, जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन डीबी-५. सिनेमात गाडी चंदेरी, कॉर्गीने रंगवली सोनेरी. एक बटण दाबलं की पुढून मशीनगन बाहेर, दुसरं दाबलं की मागे गोळ्या अडवणारी ढाल वर, आणि तिसरं दाबलं की छप्पर उघडून शेजारी बसलेला गुंड हवेत! एवढ्याशा जागेत स्प्रिंग आणि लिव्हर बसवणाऱ्या डिझायनरला आपला सलाम.

आता ‘दुर्मिळ’चा फंडा बघा. ही गाडी प्रचंड संख्येने खपली, म्हणजे गाडी मिळते. मिळत नाही तो गुंड. पहिल्याच आठवड्यात तो उडून सोफ्याखाली जायचा. खोक्यात एक जादा गुंड, कोटाला लावायचा बिल्ला आणि ‘गुप्त सूचनां’चं पाकीट असायचं. ते सगळं आणि फाटलेलं नसलेलं खोकं शाबूत असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते. थोडक्यात, ज्या मुलाला खेळायला मिळालंच नाही त्याची गाडी सर्वांत महाग. मला हे थोडं वाईटच वाटतं.

साहजिकच नकली गुंड आणि नवी छापलेली जुनी खोकी बाजारात आहेत. नव्याने रंगवलेली गाडी ओळखायची तर आधी ती उलटी करा. जुन्या गाड्यांचा खालचा पत्रा रिव्हेट करून बसवलेला असे. रिव्हेट ड्रिल केलेला दिसला, किंवा तिथे स्क्रू आढळला, तर गाडी कोणीतरी उघडलेली आहे. विकणाऱ्याने तसं सांगितलं तर ठीक, नाही सांगितलं तर दुकान सोडा. मुंबईच्या चोर बाजारात तर हे पाठच करून जावं.

पण खोटेपणापेक्षा वाईट शत्रू मटेरिअल सायन्सच्या पुस्तकात आहे. झिंकच्या मिश्रधातूत शिसं, कथिल किंवा कॅडमियम अगदी नावापुरतं मिसळलं तरी ते ग्रेन बाउंडरीजवर जमतं. मग हवेतला ओलावा तिथून आत शिरतो आणि वर्षानुवर्षं धातू आतून खात राहतो. गाडी फुगते, वाकते, रंगावर बारीक तडे येतात आणि एक दिवस बॉनेट हातात बिस्किटासारखं तुटतं. ह्याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. पहिल्या डिंकी शिशाच्याच होत्या, नंतर कंपनी झिंककडे वळली. ज्या कारखान्यात दोन्ही धातू वितळतात तिथे भेसळ व्हायला कितीसा वेळ लागणार? म्हणून महायुद्धापूर्वीच्या गाड्यांना हा रोग जास्त. त्यावर औषध नाही. तो एका गाडीवरून दुसरीवर पसरत नाही, एवढंच समाधान. ओलावा कमी ठेवणं हाच काय तो उपाय, आणि आपला जुलै-ऑगस्ट आठवा! सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. रबरी टायर प्लॅस्टिकला वर्षानुवर्षं टेकवून ठेवू नका, कधीकधी चिकटून डाग पडतात. आणि ऊन? रंगाचा कट्टर दुश्मन.

शेवटी आपल्या देशाची गोष्ट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे भारतात आले आणि कोलकात्यात त्यांतून ‘निकी टॉइज’ निघू लागल्या. त्यांत जॅग्वार ई-टाइप होती, एमजीबी होती. साच्यातलं ‘डिंकी’ घालवून तिथे ‘निकी’ केलं होतं. रंग जाडसर, कडा ओबडधोबड, फिनिशिंगमध्ये ती लिव्हरपूलच्या बहिणीपुढे उभी राहत नाही. तरी परदेशातले संग्राहक तिला शोधत असतात, कारण ती फार बनलीच नाही. इथे मात्र अशा गाड्या मुलांनी मनसोक्त खेळून मोडल्या आणि उरलेल्या भंगारात गेल्या. तेव्हा आजोळच्या माळ्यावर जुनी पत्र्याची ट्रंक असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत एकदा उघडून बघा. गाडी सापडली तर आधी उलटी करून नाव वाचा. आणि प्लीज, पॉलिश मारू नका.